जोड लागला, पण बसला का?

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याने निघाले की अर्ध्या तासात रेणापूर लागते. रेणा नदीकाठचे, रेणुकादेवीच्या देवळाचे हे गाव आता तालुक्याचे ठिकाण आहे. आसपास ऊस, सोयाबीन, तूर, हरभरा. जिथे पीक तिथे विहीर किंवा बोअर, आणि तिच्या काठी पत्र्याच्या पेटीत मोटरचा स्टार्टर. एका हिवाळ्यात आम्ही तिथल्या एका स्नेह्यांच्या शेतावर गेलो होतो. हरभऱ्याला पाणी देण्याची वेळ होती. लाइट आलेली होती, पण मोटर नुसती घुमत होती, फिरत नव्हती. त्यांनी घाईने मोटर बंद केली, मेन स्विच पाडला आणि पेटी उघडली. तीन वायरींपैकी एकीचे टोक काळेनिळे पडले होते. टोकाला बसवलेला लग पोळला होता आणि त्यामागचे बोटभर आवरण करपून तडकले होते.

“सर, वायर नवी हाय. दिवाळीतच बदलली. लग बी नवेच हायत. आन् कालपस्तोर मोटर चांगली चालली की!” ते म्हणाले.

त्यांचे प्रत्येक विधान खरे होते. वायर नवी होती, लग नवा होता आणि मोटर कालपर्यंत चालत होती. दोष वायरीत नव्हता आणि लगातही नव्हता. वायर जिथे लगात शिरते, त्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या जागेत तो होता. तेथे वायर पकडीने चेपून, वर हातोडीचे दोन ठोके देऊन बसवलेली होती. बाजारात कुणी त्याला लग म्हणतात, कुणी थिंबल. रेडिओ, मोटारसायकल, संगणक यांत त्याचीच बारीक भावंडे असतात, त्यांना पिना म्हणतात. आवरण असलेल्या तारेला असा लग किंवा पिन बसवणे हे काम इतके किरकोळ वाटते की शाळेत त्याचा धडा नसतो. त्या अर्ध्या इंचात भौतिकशास्त्राचा मात्र एक चांगला धडा दडलेला आहे. तो आपण या लेखात उलगडू.

अर्ध्या इंचाचा हिशेब

विहिरीवरची ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटर पूर्ण भारावर साधारण ८ अँपियर धारा घेते. ही सगळी धारा त्या जोडातून जाते. नीट बसवलेल्या जोडाचा रोध एक मिलिओहमपेक्षाही, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागापेक्षाही, कमी असतो. आपण पुरता एक मिलिओहम धरू. दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध:

८ × ८ × ०.००१ = ०.०६४ वॅट.

ही उष्णता हाताला जाणवणारही नाही. आता समजा, जोड ढिला आहे आणि त्याचा रोध ०.३ ओहम झाला आहे:

८ × ८ × ०.३ = १९.२ वॅट.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. म्हणजे त्याच्याच जातीची एक वस्तू पत्र्याच्या बंद पेटीत, शेंगदाण्याएवढ्या जागेत, मोटर चालू असेपर्यंत तापत राहणार. साध्या पीव्हीसीचे आवरण सुमारे ७० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापुढे ते मऊ होते, मग करपते.

आता याच जोडामुळे मोटरच्या वाट्याचे किती व्होल्ट कमी होतात ते पाहा. ८ गुणिले ०.३ म्हणजे २.४ व्होल्ट. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यात अडीच व्होल्टची ही तूट कुणाच्या ध्यानात येणार? मोटर फिरते, पाणी पडते, टेस्टर लावला तर दिवा लागतो. जोड खराब आहे असे सांगणारी एकही खूण वरून दिसत नाही. म्हणूनच ‘काल चालत होती’ हा जोड चांगला असल्याचा पुरावा होत नाही.

हा दोष स्वतःला वाढवतही असतो. जोड तापला की तेथील धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, तापणे-निवणे यामुळे पकड आणखी ढिली होते, रोध वाढतो आणि रोध वाढला की जोड अधिक तापतो. कारागीर म्हणतात, “कार्बन धरलाय.” तो काळा थर मुख्यतः ऑक्साइडचा आणि जळलेल्या आवरणाचा असतो, पण कारागिराने रोगाचे स्थान बरोबर ओळखलेले असते.

शेवटी एक दिवस तो जोड तुटतो आणि तीनपैकी एक फेज जातो. मोटर चालू असतानाच असे झाले तर ती उरलेल्या दोन फेजांवर फिरत राहते, पण त्या दोन वायरींतील धारा सुमारे पावणेदोन पट होते. बंद मोटर सुरू करू गेल्यास ती नुसती घुमते आणि कितीतरी अधिक धारा ओढते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर मोटर वाचते. तो बिघडलेला असेल किंवा वारंवार मोटर पडते म्हणून कुणी त्याला बगल दिली असेल, तर वायंडिंग जळते. मग मोटर बाहेर काढा, लातूरला न्या, वायंडिंग भरून आणा. तोवर पीक उभे वाळते. एका लगाची किंमत काही रुपये. ढिल्या जोडाची किंमत एक हंगाम असू शकते.

टेकणे आणि भिडणे

ढिल्या जोडाचा रोध इतका का वाढावा? तांबे तर तांब्याला टेकलेलेच असते.

दोन गुळगुळीत पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सगळीकडे भिडल्या असे आपल्याला वाटते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर प्रत्येक पृष्ठभाग बालाघाटच्या डोंगरांसारखा उंचसखल दिसतो. अशा दोन पृष्ठभागांची फक्त काही शिखरे एकमेकांना टेकतात. बाकी सगळी पोकळी. धारा या मोजक्या ठिकाणांहूनच पलीकडे जाते. शाळा सुटल्यावर पटांगणातली सगळी मुले एका अरुंद फाटकातून बाहेर पडताना जशी दाटी होते, तशी धारेची तेथे दाटी होते. या दाटीमुळे येणाऱ्या रोधाला स्पर्शरोध म्हणतात. रॅग्नर होल्म या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्युत-स्पर्शांचा सखोल अभ्यास केला आणि या विषयाचा पाया घातला.

खरोखर भिडलेले क्षेत्रफळ किती असते? त्याचा ढोबळ हिशेब अगदी सोपा आहे. टेकलेली शिखरे दाबाखाली चेपत जातात आणि धातूचा कठीणपणा दाब पेलण्याइतका पुरा पडला की थांबतात. म्हणून खरे क्षेत्रफळ = दाबणारे बल ÷ धातूचा कठीणपणा. मऊ तांब्याचा कठीणपणा दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५०० न्यूटन धरू. एक किलो वजनाने, म्हणजे साधारण १० न्यूटन बलाने, दोन तांब्याच्या पट्ट्या दाबल्या तर खरे क्षेत्रफळ येते १० ÷ ५०० = ०.०२ चौरस मिलिमीटर. पट्ट्या नखाएवढ्या असोत की तळहाताएवढ्या, उत्तर तेच. या सूत्रात पट्टीचे आकारमान कुठेच येत नाही! लग मोठा घेतला म्हणजे जोड चांगला झाला, ही समजूत येथेच गळून पडते. महत्त्व आहे ते दाबाला, आणि तो दाब टिकून राहण्याला.

यात आणखी एक अडचण आहे. टेकलेली शिखरेही स्वच्छ नसतात. तांब्यावर हवेने ऑक्साइडचा पातळ थर येतो. ॲल्युमिनियमवर तर तो खरवडताक्षणी पुन्हा येतो. या थराची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पण हा थर कठीण आणि विद्युतरोधक असतो. तेव्हा चांगल्या जोडाला दोन कामे करावी लागतात: शिखरे चेपून खरे क्षेत्रफळ वाढवायचे आणि मधला थर फोडून स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भिडवायचा.

दाबाने काय साधते

ही दोन्ही कामे विस्तव न लावता, क्षणात करण्याची रीत म्हणजे क्रिंपिंग. आपण तिला ‘दाबजोड’ म्हणू. तारेचे सोललेले टोक लगाच्या नळीत घालायचे आणि ठरावीक आकाराच्या दोन जबड्यांमध्ये ती नळी चेपायची. या रीतीचा मोठा प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. अमेरिकेत १९४१ मध्ये व्हिटेकर या अभियंत्याने स्थापन केलेली कंपनी विमानांसाठी आणि जहाजांसाठी असे डाख न लागणारे लग बनवू लागली. विमानात हजारो जोड लागत, ते सतत थरथरत, आणि प्रत्येक जोडाला विस्तव घेऊन बसण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता.

चेपताना आत काय घडते ते पाहू. आपली नेहमीची लवचिक वायर अनेक बारीक तंतूंची असते. नळी आवळली की प्रथम तंतूंमधल्या रिकाम्या जागा भरतात. मग गोल तंतू चेपून चपटे, कोनदार होऊ लागतात. या अवस्थेत तंतू एकमेकांवर आणि नळीच्या भिंतीवर जोराने घसरतात. त्या घासण्याने ऑक्साइडचा थर फुटतो आणि खालचा ताजा धातू उघडा पडून समोरच्या ताज्या धातूला भिडतो. काही ठिकाणी तर न वितळताच दोन्ही एकजीव होतात. चांगल्या दाबजोडाचा आडवा छेद घेऊन घासून पाहिला तर मधमाशीच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटलेले कोनदार तंतू दिसतात, मध्ये फट दिसत नाही. फट नाही म्हणून हवा नाही, आणि हवा नाही म्हणून नवा ऑक्साइड नाही. असा जोड वर्षानुवर्षे टिकतो.

जबडे सोडले की काय होते? प्रत्येक धातू थोडासा मागे उसळतो, नळीही आणि आतले तंतूही. नळी अधिक उसळली तर आतली पकड ढिली होईल. म्हणून लगाचा धातू, नळीची जाडी आणि जबड्यांचा आकार असे निवडतात की जबडे सोडल्यावरही नळी तंतूंना आवळूनच राहावी. साध्या पकडीने नळी दोन बाजूंनी चपटी होते, पण कडांना तंतू मोकळे राहतात आणि पकड सुटताच चपटा भाग थोडा उघडतो. रेणापूरच्या त्या लगात हेच झाले होते.

कमी दाब वाईट, तसा जास्त दाबही वाईट. फार चेपले तर तंतू पातळ होतात, काही तुटतात, आणि जोड नळीच्या तोंडाशीच मोडतो. दाब वाढवत नेला तर जोडाची ओढ सहन करण्याची ताकद आधी वाढते, एका टप्प्यावर सर्वाधिक होते आणि मग उतरू लागते. योग्य दाब या दोन टोकांच्या मध्ये असतो आणि तो हाताच्या अंदाजाने साधत नाही. म्हणून चांगल्या क्रिंपिंगच्या हत्यारात दातेरी चक्र असते. ठरलेला दाब पूर्ण झाल्याशिवाय ते हत्यार उघडतच नाही. कारागीर दमलेला असो की घाईत, जोड सारखाच होतो.

सुरुवात सोलण्यापासून

दाब बरोबर असूनही जोड बिघडू शकतो, कारण काम त्याआधी सुरू झालेले असते. आवरण सोलताना, म्हणजे कारागिरांच्या भाषेत वायर छिलताना, ब्लेड किंवा दात वापरले तर तंतू कापले जातात. सात तंतूंच्या तारेतला एक गेला तर सातवा हिस्सा, म्हणजे सुमारे १४ टक्के क्षेत्रफळ गेले. नुसता चरा पडला तरी थरथरीने तंतू पुढे तेथेच तुटतो.

किती सोलायचे यालाही माप आहे. कमी सोलले तर नळीत आवरणाचा तुकडा अडकतो. दाब सगळा प्लॅस्टिकवर जातो आणि प्लॅस्टिक कालांतराने दबून सैल पडते. जास्त सोलले तर उघडी तार बाहेर राहते आणि शेजारच्या फेजला टेकण्याची भीती असते. एकदा आमच्या प्रयोगशाळेत एका तापमापकाचे आकडे तीन आठवडे मध्येच उडी मारत होते. आम्ही उपकरण बदलले, आज्ञावली तपासली, एकमेकांवर संशय घेतला. अखेरीस कारण सापडले ते एका पिनेत: तार सोडून तिचे आवरण दाबले गेले होते, आणि दार लावताना पिन हलली की धारा तुटत होती.

मोटारसायकलच्या दिव्यामागचा प्लॅस्टिकचा जोड उघडून अशी एखादी पिन विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. तिला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तंतूंना आवळते, धारा वाहते ती तेथून. मागची जोडी आवरणाला कवटाळते. तिच्यातून धारा वाहत नाही. वायर वाकली, ओढली गेली, थरथरली तर तो ताण उघड्या तंतूंपर्यंत जाऊ न देणे हे तिचे काम. मागची जोडी पुढच्यासारखी करकचून दाबली तर ती आवरण फाडते. ती बेताने, मिठी मारल्यासारखी बसली पाहिजे.

सर्रास होणाऱ्या आणखी तीन चुका सांगून ठेवतो. एक, मोठ्या नळीत बारीक तार दुमडून घालणे. दोन, जाड तार लहान लगात मावत नाही म्हणून चार तंतू कापून टाकणे. तीन, आधी तारेच्या टोकाला डाख लावून मग ती दाबणे. डाखाचा धातू मऊ असतो, सततच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि आवळलेला जोड काही महिन्यांनी सैल होतो.

डाख की दाब?

मग डाख, म्हणजे सोल्डरिंग, वाईट का? मुळीच नाही. रेडिओच्या पाटीवर डाखाला तोड नाही. पण लवचिक तारेच्या टोकाला डाख दिला की वितळलेला धातू दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा तंतूंमधून आवरणाखाली चढतो. तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. वायर वाकते तेव्हा सगळा ताण ताठ भाग संपतो तेथे येतो, आणि तंतू तेथे तुटतात. शिवाय कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंशाच्या पुढे वितळतो. एखाद्या बिघाडात जोड फार तापला तर डाख सुटून तार मोकळी होते. म्हणून जेथे थरथर आहे, ओढाताण आहे, तेथे दाबजोड अधिक भरवशाचा.

आपल्या शेतावर आणखी एक प्रश्न येतो, तो ॲल्युमिनियमचा. स्वस्त आणि हलकी म्हणून ॲल्युमिनियमची केबल वापरतात. स्टार्टरमधले जोड मात्र तांब्या-पितळेचे असतात. ॲल्युमिनियमच्या तीन खोडी आहेत. त्याचा ऑक्साइड फार चिवट असतो. दाबाखाली तो धातू कालांतराने सरकतो, त्यामुळे स्क्रू आपोआप ढिला झाल्यासारखा होतो. आणि तांब्याच्या संगतीत ओल आली की दोघांचा एक छोटा विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजत जाते. उपाय माहीत आहेत: ॲल्युमिनियमच्या तारेला ॲल्युमिनियमचाच लग, थर फोडून हवा बाहेर ठेवणारा लेप, आणि तांब्याशी गाठ घालायची तेथे एका बाजूला ॲल्युमिनियम व दुसऱ्या बाजूला तांबे असलेला दुधातूचा लग. ॲल्युमिनियमच्या तारांना बसवायच्या अशा नळीच्या लगांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ८३०९. लग घेताना त्यावर लिहिलेले तारेचे क्षेत्रफळ आणि आपल्या केबलवर छापलेले क्षेत्रफळ जुळते ना, एवढे तरी पाहावेच.

सतरा वॅटची किंमत

कुणाला वाटेल, ही शेतावरची, हातोडी-पकडीची गोष्ट. मोठ्या यंत्रांत असे कुठे होते? तर जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेकडे पाहू. तेथे २७ किलोमीटर परिघाचे कणत्वरक यंत्र आहे. त्याच्या अतिसंवाहक चुंबकांमधून हजारो अँपियर धारा वाहते. १९ सप्टेंबर २००८ रोजी, यंत्र सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झाले असताना, चाचणीसाठी धारा वाढवत नेली जात होती. ती सुमारे ८,७०० अँपियरवर पोहोचली आणि दोन चुंबकांमधला एक जोड गेला. तो जोड दाबाचा नव्हता, डाखलेला होता. पण दोष तोच होता: धातू धातूला नीट भिडला नव्हता. नंतर काढलेल्या अंदाजानुसार त्याचा रोध सुमारे २२० नॅनोओहम होता. एका ओहमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले २२०. आपल्या लगाच्या मानाने हा रोध नगण्यच! पण उष्णतेचा हिशेब करा:

८,७०० × ८,७०० × ०.००००००२२ = सुमारे १७ वॅट.

रेणापूरच्या लगातली उष्णता आपण १९ वॅट काढली होती. जवळजवळ तेवढीच ही. मात्र सर्नमधला जोड निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दोन अंश वर ठेवलेला होता, आणि तेथे सतरा वॅट म्हणजे वणवा. अतिसंवाहकता गेली, विजेची ठिणगी पेटली, द्रव हेलियमच्या पात्राला भोक पडले आणि सुमारे ६ टन हेलियम बाहेर पडला. ५३ चुंबके भुयारातून वर आणून दुरुस्त करावी किंवा बदलावी लागली. यंत्र पुन्हा सुरू झाले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. पुढे २०१३ ते २०१५ च्या मोठ्या दुरुस्तीत तशा दहा हजारांहून अधिक जोडांची तपासणी आणि मजबुतीकरण झाले.

या दोन्ही उदाहरणांत धारेचा वर्ग हाच खरा धनी आहे. आठ अँपियरला जो रोध चालतो तो आठ हजार अँपियरला चालत नाही. म्हणून जोड ‘चांगला की वाईट’ असे नुसते विचारून भागत नाही. किती धारेसाठी, हेही विचारावे लागते.

वर्गात करून पाहा

जोडाचा रोध मोजायचा कसा? मल्टिमीटर ओहमवर ठेवून जोडाला लावला तर काही कळणार नाही. साध्या मल्टिमीटरची सर्वांत लहान पायरी ०.१ ओहमची असते आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून अधिक भरतो. युक्ती अशी: जोडातून मोठी, माहीत असलेली धारा वाहू द्यायची आणि जोडाच्या दोन बाजूंमधले विभवांतर मिलिव्होल्टमध्ये मोजायचे. मिलिव्होल्टला अँपियरने भागले की थेट मिलिओहम मिळतात.

साहित्य साधे आहे. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, ३५ वॅटचा दिवा (धारा सुमारे ३ अँपियर), ५ अँपियरचा फ्यूज, एक चौरस मिलिमीटरची तंतूंची वायर, काही लग आणि मल्टिमीटर. घरातील किंवा शेतातील विजेवर हा प्रयोग कधीही करू नये.

चार जोड तयार करा: (१) दोन तारा नुसत्या पिळून, (२) तार स्क्रूभोवती गुंडाळून, (३) लग पकडीने चेपून, (४) लग योग्य हत्याराने दाबून. शेवटच्यासाठी गावातल्या वायरमनला वर्गात बोलवा. विद्यार्थ्यांना ते आवडेल आणि त्यालाही. चारही जोड एकापाठोपाठ एकसरीत जोडा, म्हणजे सर्वांतून धारा तीच वाहील. दिवा लावा, मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवा आणि प्रत्येक जोडाची दोन टोके तपासा. लगाच्या बाबतीत एक टोक लगाच्या पात्यावर आणि दुसरे पाच सेंटिमीटर अंतरावर, टाचणीने आवरण टोचून तारेवर टेकवा.

तुलनेसाठी अखंड तारेचे पाच सेंटिमीटर मोजा. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे १७ मिलिओहम असतो. तेव्हा पाच सेंटिमीटरचा ०.८५ मिलिओहम, आणि ३ अँपियरला सुमारे अडीच मिलिव्होल्ट यायला हवेत. हीच आपली कसोटी: चांगला जोड तेवढ्याच लांबीच्या अखंड तारेपेक्षा फारसा जास्त आकडा दाखवत नाही. आता चालू जोड हलक्या हाताने हलवा. ढिल्या जोडाचा आकडा नाचू लागेल, दिवा मात्र तसाच जळत राहील. हा क्षण विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावा असा आमचा आग्रह आहे.

मग बॅटरी सोडवून सर्व जोड मिठाच्या पाण्यात बुडवून काढा, आठवडाभर दमट जागी ठेवा, वाळवून पुन्हा मोजा. आकड्यांतला फरक फळ्यावर लिहा. कोणत्या जोडात हवा शिरली होती, ते आकडेच सांगतील.

ओढीची परीक्षाही सोपी आहे. लग खिळ्याला अडकवा, वायरीला बादली टांगा आणि मापाने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार स्वतःच २० ते २५ किलोच्या सुमारास तुटते. नीट दाबलेला जोड त्यातला मोठा हिस्सा पेलतो, पकडीने चेपलेल्या जोडातून तार आधीच सुटून येते. बादली जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा आणि पाय दूर.

लातूरजवळ हरंगुळच्या परिसरात रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा तेथे तयार झाला. रेल्वेच्या डब्यात दिवे, पंखे, वातानुकूलन, ब्रेकचे नियंत्रण यांसाठी हजारो तारटोके असतात आणि डबा आयुष्यभर थरथरत असतो. तेथे प्रत्येक पिनेचे हत्यार, प्रत्येक जोडाचे माप, ओढीची परीक्षा ठरलेली असते. तीच शिस्त रेणापूरच्या स्टार्टरपेटीत का नसावी? दातेरी चक्राचे एक हत्यार वायंडिंगच्या एका खेपेपेक्षा स्वस्त पडते आणि सगळ्या गल्लीला पुरते.

आमच्या स्नेह्यांनी त्या दिवशी करपलेला भाग कापून टाकला, पुढची चकचकीत तार बेताने सोलली आणि लातूरहून आणलेल्या हत्याराने तिन्ही लग नव्याने बसवले. नंतर लग धरून ओढून पाहिले. मोटर चालू झाल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी मेन स्विच पाडला, टेस्टरने खात्री करून घेतली आणि एकेका लगाला बोट लावले. तिन्ही थंड होते. मग पेटी लावून ते हरभऱ्याच्या दाऱ्याकडे वळले.